वकील, हेजीब, जासूद, हेर, हस्तक : दुसऱ्याने पाठवलेल्या माणसांचे शब्द

शब्दखूळ
सध्या पेशवेकाळातली छापील पत्रं वाचतोय आणि त्यात पानोपानी भेटतात ती कोणीतरी कुठेतरी पाठवलेली माणसं. वकील, हेजीब, जासूद, कासीद, हरकारे, बातमीदार. आजचे अर्थ डोक्यात ठेवून वाचलं तर गोंधळ होणार हे नक्की. वकील म्हटलं की आपल्याला कोर्ट आठवतं, पण हैदराबादला निजामाच्या दरबारी राहणारे गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील, म्हणजे आजच्या भाषेत राजदूत. दिल्लीत हिंगणे घराण्याने पिढ्यानपिढ्या हीच वकिली केली. बातमीदार म्हटलं की पेपरवाला वाटतो, तिथे तो गुपचूप खबर काढणारा माणूस असतो. आणि जासूद हा मुळात हेर, पण पत्रांत तो बहुतेक वेळा थैली घेऊन धावताना दिसतो.

तर हा धागा अशा शब्दांसाठी. माझं स्वतःचं मत आधीच मांडतो म्हणजे त्यावर वाद घालता येईल. मला असं वाटायला लागलंय की दूत आणि हेर ही मुळात दोन वेगळी कामं नाहीतच. तिकडचं इकडे आणायचं, इकडचं तिकडे पोचवायचं, तिकडे राहून डोळे उघडे ठेवायचे, हे दोघंही करतात. फरक एवढाच की दूत कोणाचा माणूस आहे हे समोरच्याला माहीत असतं आणि हेर कोणाचा हे माहीत नसतं. म्हणूनच हे शब्द एकमेकांच्या घरात इतक्या सहज ये-जा करतात. पटतंय का बघा, नसेल तर खोडून काढा.

मोडीवाचक
धागा आवडला. वकील पासून सुरू करतो कारण या शब्दात अजून बराच माल आहे.

अरबी शब्द आहे, अर्थ साधा, ज्याच्यावर काम सोपवलंय तो. मग ते काम दरबारात बोलणी करायचं असो नाहीतर न्यायाधीशापुढे बाजू मांडायचं, वकील तो वकीलच. त्याची जोडी म्हणजे अशील. अशील म्हणजे मूळ माणूस, ज्याचं काम आहे तो. आपण आज फक्त कोर्टात अशील म्हणतो, पण मुळात मूळ माणूस आणि त्याच्या वतीचा माणूस अशी ती जोडी आहे. इंग्रजी राज्यात दरबार गेले आणि कोर्टं आली, दरबारातल्या वकिलाचं काम संपलं, कोर्टातला राहिला, आणि शब्द पूर्ण त्याच्याकडे गेला.

पण पूर्ण म्हणताना थोडं थांबायला हवं. परदेशी दूतावासाला मराठी पेपर अजूनही वकिलात म्हणतात. 'वकिलातीबाहेर निदर्शनं' अशी बातमी आपण वाचतो तेव्हा कोणाला वकिलांचं ऑफिस आठवत नाही. म्हणजे माणसाला राजदूत हे नवं नाव मिळालं आणि त्याच्या इमारतीला जुनंच राहिलं.

हेजीबचं सांगायचं तर तोही अरबीच, हाजिब म्हणजे दारावरचा, राजापर्यंत कोणाला जाऊ द्यायचं हे ठरवणारा दरबारी अधिकारी. आपल्याकडे येईपर्यंत तो दार सोडून प्रवासाला निघाला आणि बखरींत वकील या अर्थाने वावरतो.

उंबरठा
वाचतेय. एक शंका, हेर हा शब्द कुठला? फारसी वाटत नाही.

मोडीवाचक
@उंबरठा, नाही, तो देशीच. प्राकृतात पाहणे या अर्थी हेर धातू आहे, आपलं हेरणे त्यातलंच. 'त्याने बरोबर गिऱ्हाईक हेरलं' म्हणतो तेव्हा हेरगिरी नसते, नुसतं बारीक नजरेने निवडणं असतं. संस्कृत कोशांत हेरिक असा शब्द गुप्तचरासाठी दिलेला आहे. म्हणजे हेर हा पाहणारा. जासूद हा शोध घेणारा, अरबी जासूस वरून. नजरबाज तर उघडच आहे. ऐकणाऱ्यावरून पडलेलं नाव मात्र पटकन आठवत नाही, आपण कानोसा घेतो पण तो घेणाऱ्याला वेगळं नाव दिलेलं नाही.

अनुष्टुभ
@शब्दखूळ तुमचं म्हणणं अर्धं पटलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दूत आणि हेर स्पष्ट वेगळे काढलेत, प्रकरणंही वेगळी आहेत, आणि दोघांना पैसे देण्याची रीत पण वेगळी.

दूत तीन प्रकारचे. निसृष्टार्थ म्हणजे ज्याला पूर्ण मोकळीक आहे, तिथल्या तिथे बोलून निर्णय करून येईल असा. त्याच्यात अमात्याचे सगळे गुण हवेत. परिमितार्थ म्हणजे ज्याला हद्द घालून दिलीय, एवढंच बोलायचं, त्याला पाव गुण कमी चालतील. आणि शासनहर म्हणजे नुसतं राजाचं पत्र पोचवणारा, त्याला अर्धे गुण पुरे. मला ही विभागणी फार आवडते कारण ती माणसाच्या हुद्द्यावर नाही, त्याला किती बोलायची मुभा आहे यावर आहे. आजही कुठल्याही वाटाघाटीत पहिला प्रश्न हाच असतो, समोर बसलेल्याला निर्णय घ्यायचा अधिकार आहे की तो प्रत्येक वाक्याला वर विचारून सांगतो म्हणणार.

हेरांचे दोन गट. एका जागी बसणारे ते संस्था, फिरते ते संचार. बसणाऱ्यांत कापटिक (विद्यार्थ्याच्या रूपात), उदास्थित (संन्यास सोडलेला), गृहपतिक (शेतकरी), वैदेहक (व्यापारी) आणि तापस. फिरत्यांत सत्री (निरनिराळ्या विद्या शिकून लोकांत मिसळणारा), तीक्ष्ण (जिवावर उदार मारेकरी), रसद म्हणजे विष घालणारा, आणि भिक्षुकी. बसणाऱ्यांना १००० पण (पण हे त्या काळचं नाणं), फिरत्यांना ५००. आणि दूताला? मध्यम दूताला योजनाला (योजन हे अंतराचं जुनं माप) १० पण, दहा योजनांच्या पुढे गेला तर दुप्पट. म्हणजे दूताचा पगार अंतरावर, हेराचा बांधीव. एक प्रवासाचं काम आहे आणि दुसरं मुरून राहण्याचं, हे हिशेबातच दिसतं.

आता तुमच्या बाजूचं. त्याच दूताच्या प्रकरणात पुढे असं आहे की परराज्यात गेलेल्या दूताने तिथल्या किल्ल्यांची, फौजेची, लोकांच्या मनाची माहिती काढावी, तापस आणि व्यापारी वेशातल्या आपल्या हेरांशी संधान ठेवावं, आणि त्यांच्याशी बोलणं जमत नसेल तर भिकारी, दारुडे, वेडे आणि झोपेत बरळणारे यांच्या बोलण्यातून, देवळांतून, चित्रांतून, खाणाखुणांतून बातमी घ्यावी. आणि लगेच त्याला स्वतःला ताकीद, बायका आणि दारू टाळ, एकटा झोप, कारण झोपलेल्याच्या आणि नशेतल्याच्या तोंडून मनातलं बाहेर पडतं. म्हणजे हा दूत एका बाजूला दुसऱ्यांची झोपेतली बडबड गोळा करतोय आणि दुसऱ्या बाजूला स्वतःची झोप सांभाळतोय. हे वाचल्यावर दूत आणि हेर वेगळे म्हणायला जीभ जड होते खरी.

शब्दखूळ
@अनुष्टुभ जबरदस्त माहिती. ते एकटं झोपण्याचं माहीत नव्हतं.

आपल्याकडचं ठळक उदाहरण पंताजी गोपीनाथांचं. १६५९ ला अफजलखानाकडून कृष्णाजी भास्कर वकील म्हणून आले आणि शिवाजी महाराजांकडून पंताजीपंत खानाच्या गोटात गेले. दोन्ही उघड वकील, मानपानासकट. पण पंताजीपंतांना बोलणी करण्याबरोबरच खानाच्या मनात नक्की काय आहे त्याचा ठाव काढायचंही काम होतं. भेट उघड, खलिता उघड, आणि नजर गुप्त. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी भेट झाली ती या दोन वकिलांच्या येण्या-जाण्यातून ठरली. त्या वाटाघाटीतला प्रत्येक तपशील, बरोबर माणसं किती, शामियाना कुठे, कोण किती अंतरावर थांबणार, हा वकिलांच्या तोंडून पक्का झालेला. आता यात वकिली कुठे संपली आणि हेरगिरी कुठे सुरू झाली हे मला तरी रेघ मारून दाखवता येणार नाही.

आणि बहिर्जी नाईक. आज आपण त्यांना हेरखात्याचे प्रमुख म्हणतो, सभासद बखरीत सुरतेची बातमी घेऊन येणारा बहिर्जी हा जासूद आहे. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत हाच शब्द टपाल नेणाऱ्याला लागला, 'जासूद जोडी रवाना केली' हे पत्रांतलं नेहमीचं वाक्य.

कोरा कागद
जासूद जोडी म्हणजे दोघं का? एकाला वाटेत काही झालं तर दुसऱ्याने पुढे न्यावं म्हणून असणार ना.

मोडीवाचक
तसंच असणार. शिवाय रानातून, परमुलखातून रात्री-बेरात्री जायचं तर सोबत हवीच. आणि टपाल नेणारा म्हणजे नुसते पाय नव्हेत. वाटेतल्या मुलखात काय दिसलं, कोणाची फौज कुठे उतरलीय, नदीला पाणी किती, हे तो पोचल्यावर तोंडी सांगायचा, पत्रातल्या मजकुराइतकीच या तोंडी बातमीला किंमत. हरकारा तसाच, मोगलांकडे हरकारे निरोपही न्यायचे आणि बातम्याही काढायचे. म्हणून जासूदचा अर्थ हेराकडून टपालवाल्याकडे 'घसरला' असं मी म्हणणार नाही, दोन्ही कामं एकाच माणसाच्या अंगावर होती, काळाप्रमाणे कधी हे वर आलं कधी ते.

काळी शाई
मी पत्रकारितेत आहे त्यामुळे बातमीदार या शब्दावर मला बोलायलाच हवं.

आमच्याकडे बातमीदार आणि वार्ताहर दोन्ही चालतात, बोलताना सगळे रिपोर्टरच म्हणतात. वाकनीस हे शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतलं पद (राज्याभिषेकानंतर मंत्री), रोजच्या घडामोडींची नोंद ठेवणारा. मोगलांकडे वाकियानवीस उघड बातमीपत्र लिहायचा आणि त्याच्यावर नजर ठेवायला खुफियानवीस गुपचूप लिहायचा. म्हणजे एकाच गावाहून दोन बातमीपत्रं, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. दरबारांतून निघणाऱ्या अशा बातमीपत्रांना अखबार म्हणायचे, आणि छापखाना आल्यावर हेच नाव वर्तमानपत्राला मिळालं, उर्दूत आणि हिंदीत आजही तेच आहे. त्यामुळे आमचा धंदा हेरगिरीच्या पोटातून आला असं कोणी म्हटलं तर मला त्यात अपमान वाटत नाही, पण एक फरक मी ठामपणे सांगेन. तो बातमीदार एकासाठी लिहायचा, आम्ही सगळ्यांसाठी लिहितो. ज्या दिवशी रिपोर्टर एकालाच माहिती पुरवायला लागतो त्या दिवशी तो परत जुन्या अर्थाचा बातमीदार होतो, आणि असे लोक मी पाहिलेत, त्याचं वाईट वाटतं.

क्राईम बीटवर अनेक वर्षं काढली, तिथले शब्द वेगळे. पोलीस समोर खबऱ्या म्हणत नाहीत, 'आमचा माणूस' म्हणतात. कागदावर येतं ते 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक माहिती मिळाली', हे वाक्य हजारो फिर्यादींत जसंच्या तसं सापडेल, बघा जुना शब्द कसा तिथे टिकलाय. पोलीस ठाण्यात गोपनीयचं काम बघणारा एक जण असतो, त्याला नुसतं 'गोपनीय' म्हणूनच हाक मारतात. वरच्या पातळीवर राज्य गुप्तवार्ता विभाग. आणि आमच्या बातमीत हीच सगळी मंडळी 'सूत्रं' होतात. खबऱ्या मात्र कोणाला म्हणू नये असा शब्द आहे, वस्तीत एकदा तो कपाळावर बसला की त्या माणसाचं काही खरं नसतं.

दक्षिणवारा
@शब्दखूळ मी तुमच्या 'फरक एवढाच' ला आक्षेप घेतो. तो एवढाच नाही, त्या फरकावर माणसाचा जीव अवलंबून आहे.

दूताला मारू नये हे सगळीकडे मानलेलं. लंकेत हनुमानाला मारायला निघालेल्या रावणाला बिभीषण हेच सांगतो. वर अनुष्टुभ यांनी सांगितलेल्या अर्थशास्त्रातही दूत अंत्यज असला तरी अवध्य आहे, कारण राजे दूताच्या तोंडूनच बोलतात, तो दुसऱ्याचं बोलणं बोलतोय. हेराला ही ढाल नाही. त्याच रामायणात शुक आणि सारण हे रावणाचे हेर वानरसेना मोजायला येतात, पकडले जातात, आणि राम त्यांना सोडून देतो ते औदार्य म्हणून, त्यांचा हक्क म्हणून नव्हे.

इतिहासातलं सांगायचं तर गंगाधरशास्त्री पटवर्धन. गायकवाडांचे वकील म्हणून इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले आणि १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय पेशव्यांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला, पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्यांना ताब्यात मागितलं, ठाण्याच्या किल्ल्यात कैद, तिथून १८१६ ला पलायन, आणि तिथून पुढे १८१७ पर्यंत गोष्टी चिघळतच गेल्या. पेशवाई बुडण्याची कारणं बरीच आहेत पण इंग्रजांना हातात आयतं कारण मिळालं ते एका वकिलाच्या खुनाचं. कोणी हेर मारला गेला असता तर त्याच्या मालकाने तो आपला होता हे कबूलसुद्धा केलं नसतं.

आजचा कायदा तोच धागा धरून आहे. १९६१ चा व्हिएन्ना करार, राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येत नाही, फार तर नको असलेली व्यक्ती ठरवून परत पाठवता येतं आणि त्याचं कारणही द्यावं लागत नाही. आणि त्याच करारात दूतावासाच्या कामांत एक काम लिहिलंय, यजमान देशातली परिस्थिती सर्व कायदेशीर मार्गांनी जाणून घेऊन आपल्या सरकारला कळवणं. 'कायदेशीर मार्गांनी' या दोन शब्दांत दूत आणि हेर यांची भिंत उभी आहे.

युद्धातल्या हेराबद्दल १९०७ च्या हेग नियमांत आहे. खोट्या बहाण्याने किंवा लपूनछपून माहिती काढेल तोच हेर. गणवेशातला सैनिक शत्रूच्या हद्दीत शिरून टेहळणी करत असेल तर तो हेर नाही, पकडला तर युद्धकैदी. आणि सगळ्यात नवल वाटावं असं, हेर काम करून आपल्या सैन्यात परत पोचला आणि नंतर कधी पकडला गेला तर आधीच्या हेरगिरीची शिक्षा त्याला देता येत नाही. म्हणजे हेर असणं हा त्या माणसाला कायमचा चिकटणारा गुन्हा नाही, त्या वेळेपुरता आहे, रंगेहाथ सापडलात तरच.

शब्दखूळ
@दक्षिणवारा आक्षेप मान्य करूनही मला वाटतं तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत. हेगचा नियम सुद्धा 'काय केलं' हे न बघता 'लपून केलं का' हे बघतोय. माहिती तीच, गणवेश असला की टेहळणी, नसला की हेरगिरी. जीव जातो तो लपण्यापायी. रंगेहाथचं मात्र खरंच नवीन होतं मला, धन्यवाद.

रानपाखरू
बायकांसाठीचे शब्द कोणी काढले नाहीत म्हणून मी काढते.

दूताचं स्त्रीलिंग दूती, पण साहित्यात दूती म्हणजे नायिकेचा निरोप नायकाला पोचवणारी सखी. राज्यकारभारात तिला जागा नाही. म्हणून विजयालक्ष्मी पंडित १९४७ ला मॉस्कोला गेल्या त्या राजदूत म्हणूनच, पुढे लंडनला उच्चायुक्त (राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे राजदूत नाही, उच्चायुक्त पाठवतात, काम तेच). राजदूती असं कोणी म्हटलं नाही आणि ते बरंच झालं. हेर ला तर स्त्रीलिंगच नाही, पेपरवाले महिला हेर लिहितात.

उलट हेरांच्या जुन्या यादीत बाई ठसठशीत आहे, भिक्षुकी. अंतःपुरात, मोठ्या घरांत जिला कोणी अडवत नाही अशी संन्यासिनी. पुरुषाला जिथे दाराबाहेर थांबवतात तिथे ती आत जाऊन बसते. बाईने निरोप न्यायचा तर तो प्रेमाचा आणि गुपित आणायचं तर राज्याचं, असं काहीसं हे वाटप आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या नूर इनायत खान, टिपू सुलतानाच्या वंशातल्या, व्यापलेल्या फ्रान्समध्ये ब्रिटिशांसाठी वायरलेस चालवत होत्या, पकडल्या गेल्या, १९४४ ला दाखाउच्या छळछावणीत मारल्या गेल्या. त्यांना आपण गुप्तहेर म्हणतो, पण त्यांचं खरं काम निरोप्याचं होतं, इकडचं तिकडे पोचवायचं. हातात थैली नव्हती, यंत्र होतं.

उंबरठा
निरोप्या! केवढा छान शब्द आणि किती कमी वापरतो आपण. सांगावा घेऊन येणारा.

कोरा कागद
हस्तक राहिला. शीर्षकात आहे आणि कोणी बोललं नाही.

मला हस्तक हा शब्द सगळ्यात बोचरा वाटतो. हात या अर्थाचा शब्द, म्हणजे हा माणूस नाहीच, कोणाचा तरी लांबवलेला हात. आपल्याच माणसाला आपण कधी हस्तक म्हणत नाही, हस्तक नेहमी परकीय शक्तींचा, शत्रूचा, अमक्या टोळीचा. आपला असतो तो प्रतिनिधी, त्यांचा असतो तो हस्तक. हेर शब्दात निदान धाडसाचा मान आहे, बहिर्जींना आपण अभिमानाने हेर म्हणतो, पण कोणी कोणाला अभिमानाने हस्तक म्हटलंय का?

फितूर वेगळा. हेराला बाहेरून पाठवलेलं असतं, फितूर आतलाच असतो, त्याला विकत घेतलेलं असतं नाहीतर तो रागाने गेलेला असतो. घरभेदी पण आतलाच. पंचमस्तंभी हा शब्द १९३६ च्या स्पेनमधल्या यादवीतला, माद्रिदवर चार स्तंभ चालून येतायत आणि पाचवा शहराच्या आतच आहे, अशी ती कल्पना. तो मराठीत भाषणांपुरता राहिला, बोलण्यात घरभेदीच.

अनुष्टुभ
@कोरा कागद यात अर्थशास्त्रातला उभयवेतन घाला. दोन्हीकडून पगार घेणारा. डबल एजंट साठी इतका नेमका शब्द दुसरा नाही, निष्ठेचं काही न बोलता नुसता पगार मोजतो. आणि त्याच्यावर उपायही सांगितलाय, एकाच गोष्टीची बातमी एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांकडून सारखी आली तरच खरी धरावी. म्हणूनच हेरांच्या संस्थांनी एकमेकांना ओळखता कामा नये असा दंडक. @काळी शाई यांचे वाकियानवीस आणि खुफियानवीस आठवले.

काळी शाई
हो, आणि दोन स्वतंत्र सूत्रांकडून खात्री केल्याशिवाय बातमी सोडू नका असं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. तिघांचा नियम आणखी कडक झाला.

जुनी पेटी
मी फक्त नागरी शब्द मांडते, गुप्त काही नाही पण दुसऱ्याच्या वतीने उभं राहणारे.

मुखत्यार म्हणजे निवडलेला. कुलमुखत्यारपत्र आपण आजही करतो, घर-जमिनीच्या कामात सही करायला माणूस नेमतो तेव्हा. गुमास्ता म्हणजे नेमलेला, व्यापाऱ्याच्या पेढीवरचा. नायब म्हणजे दुय्यम, नायब तहसीलदार मध्ये अजून आहे, आणि त्याच शब्दाच्या अनेकवचनातून नवाब आला. मुळात दिल्लीच्या बादशहाच्या वतीने राज्य बघणारा दुय्यम, पुढे तोच धनी.

प्रतिनिधी तर आपल्याकडे पदच. राजाराम महाराज जिंजीला असताना प्रल्हाद निराजींना ते मिळालं, छत्रपतींच्या वतीने सगळं बघणारा, अष्टप्रधानांच्याही वर. हेच प्रल्हाद निराजी आधी कुतुबशाहीत भागानगरला (हैदराबादला) वकील होते, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याच्या वतीने बोलले. पुढे प्रतिनिधींनाही आपल्या वतीने कोणीतरी लागायला लागलं, तो मुतालिक. १७५० ला सांगोल्याला पेशव्यांविरुद्ध उभे राहिलेले यमाजी शिवदेव हे प्रतिनिधींचे मुतालिक. छत्रपतींचा प्रतिनिधी आणि प्रतिनिधीचा मुतालिक, खाली कारकून वेगळेच.

दक्षिणवारा
वकिलांचा विषय आहे तर रंगो बापूजींचं नाव आल्याशिवाय धागा पुढे जाऊ नये. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ ला पदच्युत केलं, त्यांचे वकील म्हणून रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. हे दरबारी वकील आणि कोर्टातला वकील यांच्या बरोबर मधले वकील आहेत, छत्रपतींचे दूत म्हणून गेले पण तिथे त्यांना दूत म्हणून मान्यता देणारं कोणी नाही, मग अर्ज, निवेदनं, सभांमध्ये भाषणं, छापील पत्रकं, जे मिळेल त्या मार्गाने बाजू मांडत राहिले. प्रतापसिंह १८४७ ला काशीला वारले. सातारचं राज्य १८४८ ला खालसा झालं. ज्याने पाठवलं तो गेला, ज्यासाठी पाठवलं ते राज्य गेलं, आणि वकील तरीही १८५३ पर्यंत लंडनमध्ये उभा होता. परत आल्यावर १८५७ च्या उठावाच्या तयारीत सापडले, मुलाला फाशी झाली आणि ते स्वतः जे बेपत्ता झाले ते इंग्रजांना कधीच सापडले नाहीत. उघड वकील म्हणून गेलेल्या माणसाला शेवटी लपून राहावं लागलं. @शब्दखूळ तुमच्या उघड आणि गुप्तच्या रेषेवर एका आयुष्यात दोन्हीकडे उभा राहिलेला माणूस हवा असेल तर हा.

शब्दखूळ
@दक्षिणवारा हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. अशील आणि वकील ही जोडी मोडीवाचकांनी वर सांगितली, तिच्यातला अशील गेल्यावर वकील कोणाचा हा प्रश्न त्यांना कितीजणांनी विचारला असेल तिथे.

मोडीवाचक
प्रेषित पण घ्या यादीत. पाठवलेला, एवढाच अर्थ. अरबी रसूलचाही तोच अर्थ, फारसी पैगंबर म्हणजे पैगाम आणणारा. धर्मांमध्ये हे शब्द सगळ्यात उंच जागी बसलेत आणि हस्तक सगळ्यात खाली, क्रिया एकच, कोणीतरी पाठवणं.

अनुष्टुभ
वेदात वरुणाचे हेर आहेत, स्पश. त्याच्याभोवती बसलेले, सगळीकडे पाहणारे. पश्यति मधल्या पाहण्याशीच या शब्दाचं नातं आहे आणि इंग्रजी स्पाय त्याच कुळातला. माघाने शिशुपालवधात यावर श्लेष केलाय, पस्पशाशिवाय व्याकरण शोभत नाही तशी स्पशांशिवाय राजनीती शोभत नाही (पस्पशा हे पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथाचं पहिलं आह्निक, म्हणजे प्रकरण).

आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, १०८ व्या सूक्तात सरमा आहे. देवांची कुत्री, इंद्राची दूती. @रानपाखरू, ही दूती प्रेमाचा निरोप नेत नाही. पणींनी (देवांच्या शत्रूंनी) गाई लपवून ठेवल्यात, ही रसा नदी ओलांडून त्यांचा माग काढत पोचते, म्हणजे काम हेराचं, पण पोचल्यावर लपत नाही, मी इंद्राची दूती आहे म्हणून सरळ सांगते. मग संवाद सुरू होतो. पणी आधी विचारतात इतक्या लांब कशाला आलीस, नदी कशी ओलांडलीस, तुझा इंद्र दिसतो कसा. मग धमकी, आमची शस्त्रं धारदार आहेत. मग शेवटी गोड बोलणं, तुला आम्ही बहीण मानतो, परत जाऊ नकोस, गाईंमधला वाटा देतो. ती म्हणते मला भाऊपण कळत नाही, बहीणपण कळत नाही, ते इंद्र आणि अंगिरस जाणोत, तुम्ही इथून दूर निघून जा.

फितवण्याचा प्रयत्न इतक्या जुन्या काळी असा पायरीपायरीने मांडलेला मला दुसरीकडे दिसलेला नाही. चौकशी, धाक, नातं, वाटा.

रानपाखरू
हे सूक्त वाचायलाच हवं आता. हेर म्हणून गेली आणि दूत म्हणून बोलली. कोणाकडे मराठी अर्थासकट असेल तर इथे पूर्ण टंकाल का? अकराच ऋचा आहेत ना.

अनुष्टुभ
हो, अकरा. उद्या रात्री एकेक ऋचा आणि खाली साधा अर्थ असं टाकतो, वेगळा धागा नको, इथेच.